कास पठार: बोटभर मातीतली फुलं

सप्टेंबर आला की प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो, "कासला जायचं का?" तर आज बोलूया कासबद्दल.

साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, जवळपास १२०० मीटर उंचीवर हे पठार आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कासही आहे. पण एवढी फुलं इथेच का? आपल्याला वाटतं, जमीन सुपीक असणार. खरं तर उलट आहे.

खाली सगळा जांभा दगड, आणि वर बऱ्याच ठिकाणी जेमतेम बोटभर माती. एवढ्या मातीत मोठं झाड मूळ धरूच शकत नाही. पावसाळ्यात पाणी साचतं, मातीतलं पोषण वाहून जातं. पाऊस थांबला की तोच दगड तापतो. म्हणजे फुलायचं, बी धरायचं, सगळं काही आठवड्यांत उरकायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर कमीत कमी रॅमवर चालणारं ॲप!

त्यासाठीचे जुगाडही भारी आहेत. 'सीतेची आसवे' हे इवलंसं जांभळं फूल बघा. दिसतं नाजूक, पण आहे मांसाहारी. मातीखाली त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराशी आला की पिशवी त्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत ओढून घेते. दवबिंदू नावाची वनस्पती पानावरच्या चिकट थेंबांनी किडे पकडते. मातीत नायट्रोजन नाही, मग तो किड्यांकडून घ्यायचा! सोबत पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, पांढरे गेंद असतातच.

आता मुद्द्याचं. यातली बरीच झाडं एकाच हंगामाची. यंदा बी पडलं तरच पुढच्या वर्षी फूल. तुम्ही रीलसाठी ताटव्यात बसलात तर फूल चिरडतंच, शिवाय न पडलेलं बी जातं आणि ती बोटभर माती दाबली जाते. "माझ्या एकट्याने काय होतंय?" असं म्हणणारे शनिवार-रविवारी हजारो असतात.

म्हणून जाणार असाल तर आधी ऑनलाइन बुकिंग बघा, जमलं तर मधल्या वारी जा. पायवाट सोडू नका. फोटो हवा तर वाटेवरूनच वाका, झूम करा. फुलं एवढी बारीक आहेत की वाकल्याशिवाय नीट दिसतही नाहीत.

आणि साताऱ्याला जाणं जमलं नाही, तर पावसाळ्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कात चक्कर मारा. तिथली कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते. २०१६ला फुलली, २०२४ला फुलली. पुढचा नंबर २०३२चा, कॅलेंडरला रिमाइंडर लावून ठेवा. तिथेही वाट सोडायची नाही, बरं का!

हा भाग त्या "कासला जायचं का?" वाल्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!