बास क्लॅरिनेट : एक रात्र उसनं

साधं क्लॅरिनेट मी बावीस वर्षं वाजवतो आहे. पण त्याचा थोरला भाऊ, बास क्लॅरिनेट, एका निवृत्त वादकांकडे विकायला आहे असं कळलं आणि माझी झोप उडाली. किंमत होती घराच्या छपरासाठी साठवलेल्या रकमेएवढी. “आधी वाजवून बघा, छपराचं मग बोलू,” एवढंच सौभाग्यवती म्हणाल्या.

हे वाद्य साध्या क्लॅरिनेटपेक्षा एक सप्तक खाली बोलतं. वर धातूची वाकडी मान, खाली पुढे वळलेला भोंगा. आजच्या रूपाचा पाया अडॉल्फ साक्स यांनी १८३८ मध्ये घातला, म्हणजे सॅक्सोफोनच्याही आधी. चायकोव्हस्कीच्या १८९२ च्या ‘नटक्रॅकर’मध्ये साखरपरीच्या नाचात सेलेस्टाच्या किणकिणाटाखाली जे गंभीर स्वर उतरत जातात, ते याचेच.

मालकांच्या दिवाणखान्यात मी खालचा स्वर फुंकला आणि काचेच्या कपाटातले पेले थरथरले. तिथेच पैसे काढून द्यावेत असं वाटलं! पण खर्जाचे स्वर कुणालाही भुलवतात. मी माझं क्लॅरिनेट त्यांच्याकडे तारण ठेवलं आणि वाद्य एका रात्रीसाठी घरी आणलं.

घरी सावकाश वर चढत गेलो. मधला डी ठीक. त्यापुढचा ई मात्र गुरगुरला, मग किंचाळला. पुन्हा तेच. आधी स्वतःवर शंका घेतली. या वाद्याला ओठ सैल लागतात, आणि साध्या क्लॅरिनेटची सवय असलेला माणूस रीड दाबून धरतो. ओठ सैल केले, रीड बदलली. ई काही ऐकेना.

चांगल्या बास क्लॅरिनेटला वरच्या स्वरांसाठी दोन बारीक छिद्रं असतात. डीपर्यंत एक उघडं, ईपासून दुसरं. उजव्या हाताची अनामिका उचलली की आपोआप अदलाबदल होते. सौभाग्यवतींनी टॉर्च धरली. मी बोट उचललं, तर पहिल्या छिद्राचं झाकण केसभर उघडंच राहिलं! खालचा भाग वरच्याला जोडणारी पट्टी वाकलेली होती. जोडताना घाई केली की ती हमखास वाकते. (हे मीही एकदा केलं आहे, माझ्या क्लॅरिनेटचं.)

लाकडाला तडा नव्हता, हे महत्त्वाचं. आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, सांधे अडकतात; तडा गेला असता तर मी विषयच सोडला असता. पट्टी मात्र जाणत्या कारागिराच्या हातून सरळ होते.

सकाळी मालकांना दाखवलं. ते क्षणभर गप्प झाले. “गेली काही वर्षं मी वरचे स्वर वाजवतच नव्हतो,” म्हणाले. दुरुस्ती ते करून घेणार आहेत. मंगळवारी पुन्हा जायचं आहे, आणि या वेळी सुरुवात ईपासून करणार आहे.