मनाची भूक आणि चाळिशीनंतरचा आहार

(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर बोलायचे म्हटले की काय खावे आणि काय खाऊ नये, याची यादी वाचून दाखविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती यादी आपणा सर्वांना पाठ आहे. तरीही संध्याकाळी कचेरीतून परतताना पावले भज्यांच्या गाड्याकडे वळतात आणि रात्री निजानीज झाल्यावर फरसाणाचा डबा उघडला जातो. असे का होते, याचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

विषय किरकोळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या गोव्यात आढळले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे दर चार प्रौढांमागे एक जण या व्याधीने ग्रस्त आहे. तिची कारणे अनेक आहेत. आनुवंशिकता आपल्या हाती नाही, पण खाण्याची सवय बव्हंशी आपल्या हाती आहे.

भूक दोन प्रकारची असते. पोटाची भूक हळूहळू वाढते. तिला पेज चालते, भाकरी चालते, कुळथाचे पिठले चालते. पोट भरले की ती शमते. मनाची भूक अवचित येते. तिला ठरावीक पदार्थच हवा असतो, पोट भरलेले असतानाही हवा असतो, आणि खाऊन झाल्यावर समाधानाऐवजी रुखरुख उरते. वरिष्ठांचे लागलेले बोलणे, वृद्ध आईवडिलांचे आजारपण, मुलगा आखातात किंवा जहाजावर गेल्यानंतर सुने झालेले घर, ही तिची उगमस्थाने होत. मनावरील ताण दीर्घकाळ टिकला की शरीरात कॉर्टिसॉल नावाच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि गोड व तेलकट पदार्थांची ओढ बळावते. असा पदार्थ क्षणभर बरे वाटावयास लावतो. मन ते लक्षात ठेवते आणि पुढच्या दुःखात तेच मागते. यास केवळ ‘जिभेचे चोचले’ म्हणून हिणविणे अन्यायाचे आहे. हिणविल्याने माणूस खाणे सोडत नाही, चोरून खाऊ लागतो.

चाळिशीनंतर ही सवय अधिक महाग पडते. स्नायू कमी होऊ लागतात, हालचाल मंदावते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास पोटाभोवती चरबी साठू लागते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रीच्या कमरेचा ८० सेंटिमीटर यापलीकडे गेला, तर तो सावधगिरीचा इशारा समजावा.

मग करावे काय? पहिले काम लेखणीचे आहे. एक आठवडाभर अवेळी खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीपुढे वेळ आणि त्या वेळची मनःस्थिती, एवढेच लिहावे. बहुतेकांना दिवसातील एखादा ठरावीक प्रहर सापडेल. त्या प्रहरासाठी दुसरा उद्योग आधीच योजून ठेवावा: परसातील झाडांना पाणी घालणे, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणे, देवळापर्यंत फेरी मारून येणे. इच्छा झाली की दहा मिनिटे थांबावे. पुष्कळदा ती ओसरते. न ओसरल्यास थोडे वाढून घ्यावे व बसून खावे, डब्यात हात घालून नव्हे.

दुसरे, जेवण चुकवू नये. सकाळी उपाशी राहिल्यास संध्याकाळी जास्त खाल्ले जाऊ शकते. जेवणात भाताबरोबर डाळ, उसळ, मासळी किंवा अंडे आणि तांबडी भाजी असावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्याविना उपवास करूच नये.

तिसरे, चहाचा हिशेब. दिवसातून चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे म्हटले तरी सुमारे ४० ग्रॅम साखर होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाची मर्यादा २५ ते ३० ग्रॅम आहे. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला, तर जिभेलाही फारसे कळत नाही.

चौथे, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे आणि पुरेशी झोप घ्यावी. अपुऱ्या झोपेनेही भूक वाढते.

गृहिणींना एक विशेष विनंती. अन्न वाया घालवू नये हा संस्कार थोर आहे. पण सर्वांचे उरलेले आपण संपविणे हा त्यावरील उपाय नव्हे. अर्धी वाटी तांदूळ कमी शिजवावे. आणि पुरुषमंडळींनी, ती एकटी मागाहून जेवत असेल तर तिला आपल्याबरोबर बसवावे.

सवय एका दिवसात बदलत नाही. लंडन येथील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. काहींना त्याहून पुष्कळ अधिक लागले. म्हणून एखाद्या जत्रेत खाजे जास्त खाल्ले गेले, तर नियम मोडला असे समजून सर्वच सोडून देऊ नये. पुढच्या जेवणापासून पुन्हा आरंभ करावा. मात्र वारंवार भान हरपून खाल्ले जात असेल, ते लपवावे लागत असेल, किंवा मन सतत खिन्न राहत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे अथवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोलावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आपल्या घरात कोणी अवेळी डबा उघडताना दिसले, तर ‘किती खातोस’ असे न म्हणता ‘आज काय झाले’ असे विचारावे, एवढीच आपणांस विनंती करतो आणि माझे भाषण पुरे करतो.