वारा, वाफ आणि विक्रांत



सोनगीरपासून समुद्र फार दूर. येथे आरमाराच्या गोष्टी सांगावयास एक कामगार कार्यकर्ता उभा राहतो, याचे तुम्हांला नवल वाटेल. परंतु आमचा खरा विषय वाफ हा आहे. आणि तांब्या-पितळेवर हातोडा चालविणाऱ्या या गावाला धातूची चीर म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका 1961 साली आरमारात दाखल झाली. तिचा वेग ताशी सुमारे 24 सागरी मैल. हा वेग मिरविण्यासाठी नसतो. विमान उडवायचे म्हणजे नौकेने वाऱ्याकडे तोंड करून धावायचे. वाऱ्याचा वेग आणि नौकेचा वेग यांची बेरीज विमानाच्या पंखांना मिळते. शिवाय विमानाला पुढे फेकणारे यंत्रही वाफेवरच चालणारे. म्हणजे बॉयलर दुबळा झाला, की दोन्हीकडून तोटा.

जून 1970 मध्ये मुंबईच्या गोदीत विक्रांतच्या बॉयलरांच्या पाण्याच्या पिंपांत चिरा आढळल्या. वेल्डिंगने त्या भरण्यासारख्या नव्हत्या. नवी पिंपे विलायतेहून यावयाची. इकडे 1971 उजाडले. तेव्हा असे ठरले, की वाफेचा दाब दर चौरस इंचाला 400 पौंडांच्या वर नेऊ नये. वेग उतरला 14 सागरी मैलांवर.

आता ऋतूंचा हिशेब पाहा. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात वारा भरपूर, पण समुद्र खवळलेला. डेक वरखाली होत असता विमान उतरविणे जिवावरचे. डिसेंबरात समुद्र शांत, आभाळ निवळलेले, पण ईशान्येचा वारा बहुधा मंद. धडधाकट नौकेला हा ऋतू सोन्यासारखा. आजारी बॉयलरच्या नौकेला मात्र त्या शांततेचीच धास्ती. कारण वारा जे देत नाही, ते स्वतःच्या वेगाने भरून काढण्याची सोय उरलेली नसते. तरीही 4 डिसेंबर 1971 रोजी विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार व चितगाव येथे हल्ले केले.

इतिहासाने वैमानिकांना मान दिला, तो योग्यच. आम्हांला आठवतात ते डेकखाली, उकाड्यात, दाबाच्या काट्यावर नजर ठेवून उभे असलेले लोक.

तरुणपणी आम्ही एका गिरणीच्या बॉयलरघरात होतो. तेथेही एकदा गळती लागली. साहेब म्हणाले, ‘वाच्यता करू नका, दाब उतरवू नका.’ सुदैवाने कोणी दगावले नाही. पण त्या पाळीत जो तो दाराजवळची जागा शोधत होता. लढाई तोंडावर असताना आरमाराने चीर मान्य केली, दाबाला मर्यादा घातली आणि मग धोका पत्करला. गिरणीत कसलीही लढाई नसता चीर लपविली गेली. धोका पत्करणे आणि माणसांना धोक्यात ढकलणे, यांतले अंतर ते हेच.

विक्रांत 1997 साली निवृत्त झाली. 2014 साली मुंबईच्या दारूखान्यात कामगारांच्या हातांनीच ती तोडली गेली, आणि तिच्या धातूचा काही भाग मोटारसायकलींत गेला. आपल्या आग्रा रस्त्यावरून तिचा एखादा अंश आजही धावत असेल.

मंडळी, उद्या पाळीवर जाल तेव्हा काट्याकडे पाहा. तो जे सांगेल, ते दडवू नका, मोठ्याने बोला.