आधी निरीक्षण, मग अनुमान



आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्यात रथ निघतो. मोठी माणसं हात जोडून वर बघत असतात, पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शाळकरी पोरांची नजर चाकाशी असते, कारण तिथं मोगरी लावणारे असतात. रथाला ना ब्रेक, ना स्टेअरिंग. माणसं दोर ओढतात आणि तो अवजड रथ पुढे सरकतो. मग लाकडाची एक उतरती मोगरी चाकाखाली सरकवली की तो जागीच थांबतो. मोगरी एकाच बाजूच्या चाकाला दिली, तर ते चाक अडतं, दुसरं पुढे जातं आणि रथ वळतो.

साध्या यंत्रांच्या धड्यात जी पाचर येते, ती हीच. चाकाला पुढे जायचं तर आधी मोगरीच्या उतारावर चढावं लागतं, म्हणजे त्या चाकावरचं रथाचं वजन वर उचलावं लागतं. मोगरी स्वतः घसरत नाही, कारण तिच्यावर रथाचा भार असतो आणि खाली जमिनीचं घर्षण. एकादशीनंतरच्या आठवड्यात वर्गात एक फळी तिरकी लावावी, तिच्यावर खेळण्यातली गाडी ठेवावी आणि लाकडाच्या दोन-तीन पाचरी मुलांच्या हातात द्याव्यात. जाड पाचर बरी की निमुळती? फळी ओली केली तर काय होतं? तास कधी संपला ते कळणार नाही.

आपल्या शाळांत मात्र प्रयोग बहुधा वहीत होतो. साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान ही पाच शीर्षकं आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. आकृती फळ्यावरून उतरवली जाते, निरीक्षण गाइडमधून आणि अनुमान गुरुजी सांगतात. म्हणजे पाहण्याआधीच मुलाला उत्तर मिळालेलं असतं. मला हे फार घातक वाटतं. अशा मुलाला हळूहळू सवय लागते की डोळ्यांना काहीही दिसो, लिहायचं ते पुस्तकातलं.

यावर एक स्वस्त उपाय सांगतो. त्याला लागते एक मीटर लांबीची सरळ काठी, मोजपट्टी, खडू आणि शाळेचं अंगण. पाणी तापवायचं नाही, काच फुटायची नाही.

काठी जमिनीत उभी रोवायची. ती खरंच उभी आहे का, हे दोऱ्याला दगड बांधून केलेल्या ओळंब्यानं पाहायचं. पावणेबाराला सुरुवात करून सव्वा वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची आणि लांबी वहीत लिहायची. सुरू करण्याआधी मुलांना विचारा, सावली सगळ्यात आखूड किती वाजता होईल? सगळा वर्ग एका सुरात म्हणेल, बारा वाजता. तसं होत नाही. जानेवारीत बाराची खूण आणि साडेबाराच्या पुढची खूण यांत दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडतो आणि सगळ्यात आखूड सावली येते बारा पस्तीसच्या आसपास. मुलं आधी म्हणतात, मोजताना चुकलं. पुन्हा मोजतात. दुसऱ्या गटाचंही तेच येतं. मग कुणीतरी भीत भीत विचारतं, सर, घड्याळ चुकतंय का?

या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. एक दिवस तो तसाच राहू द्यावा. मग नकाशा काढावा. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे. जळगाव त्याच्या पश्चिमेला सुमारे सात अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे अठ्ठावीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. शिवाय ऋतूप्रमाणे काही मिनिटं पुढेमागे होतात. रेखावृत्ताचा धडा यानंतर वेगळा घोकावा लागत नाही.

हीच काठी वर्षभर ठेवली तर आणखी गंमत आहे. आपण कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला, 21 अंश अक्षांशावर राहतो. म्हणून 22 डिसेंबरला भर दुपारी एक मीटर काठीची सावली जवळजवळ एक मीटरच भरते, 98 सेंटीमीटर. मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ती पायाशीच नाहीशी होते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा ढग नसतील तर पाहा, दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडलेली असते, चारेक सेंटीमीटर. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा एकदा नाहीशी होते. पुण्यामुंबईच्या तारखा वेगळ्या. या तारखा आपल्या अंगणाच्या आहेत आणि त्या मुलांनीच शोधून काढायच्या आहेत.

असं शिकवणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. मुंबईत 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. त्या केंद्रानं सुरुवातीच्या काळातच ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या विज्ञान शिक्षणासाठी काम हाती घेतलं, ते आपल्या रावेर तालुक्यातल्या खिरोद्याच्या परिसरात. धनाजी नाना चौधरींच्या शिक्षणकार्यानं ओळखलं जाणारं ते गाव. सातपुड्यापलीकडे होशंगाबादला 1972 मध्ये सोळा उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली होती आणि 1978 मध्ये ते काम जिल्हाभर पसरलं. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतून रजा घेऊन एक तरुण अभियंता तिथं गेला. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यानं त्रिकोण, चौकोन, मनोरे बनवले. काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. पत्र्याच्या छपराखालची कैची त्रिकोणी का असते, हे पाचवीच्या मुलाला त्यावरून कळतं. हे अभियंते म्हणजे अरविंद गुप्ता. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं मुलांसाठी काम केलं.

होमी भाभा केंद्राच्या वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. मराठी पुस्तकातली विज्ञानाची भाषा सोपी केली की मुलांचं आकलन सुधारतं आणि मुलं वर्गात बोलू लागतात. आपल्याकडे घरी अहिराणी किंवा तावडी बोलणारी कितीतरी मुलं आहेत. सावली कशी सरकली हे त्यांना घरच्या बोलीत सांगू द्यावं. बाष्पीभवन हा शब्द नंतर येऊ दे. माठातलं पाणी जळगावच्या मे महिन्यातही गार का राहतं, हे आधी त्यांच्या तोंडून ऐकू या.

शिक्षकांच्या अडचणी मी जाणतो. पटावर मुलं जास्त, शाळाबाह्य कामं भरपूर. एका शाळेत मी प्रयोगपेटी कुलपात पाहिली. आतलं सामान कोरं करकरीत. परीक्षानळी फुटली तर नोंदवहीत काय लिहायचं, ही बाईंची धास्ती होती आणि ती खोटी नव्हती. ही धास्ती मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं दूर करायची आहे. मुलांच्या हातून काही फुटलं तर ते वापरात फुटलं, असा शेरा मारून सही करावी. पालकांनाही विनंती, 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला थर्माकोलची तयार प्रतिकृती विकत आणून देऊ नका. मुलाला जे वेडंवाकडं जमेल, तेच टेबलावर मांडू द्या.

आणि पिंप्राळ्यातल्या सगळ्या शाळांना एक आग्रहाची सूचना. या 22 डिसेंबरला अंगणात काठी रोवा, बारा ते एक मुलांना बाहेर सोडा आणि त्यांनी मोजलेले आकडे, चुकलेले आकडेसुद्धा, तारीख घालून एका वहीत जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला ती वही द्या.