अळीच्या पोटात सुटणारे विष : बी.टी. जिवाणूचे कार्य



संध्याकाळी बी.टी. फवारले आणि सकाळी अळी जिवंत दिसली, की औषध बोगस समजून लगेच दुसरे जहाल कीटकनाशक मारले जाते. हा दुहेरी खर्च टाळायचा तर हे विष कसे तयार होते व कसे सुटते, हे समजून घ्यावे.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जमिनीत आढळणारा जिवाणू. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता यांना तो रोगट रेशीम अळ्यांत सापडला. पुढे जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून त्याला हे नाव मिळाले.

अन्न संपत आले की हा जिवाणू पेशीत बीजाणू तयार करतो. त्याच वेळी 'क्राय' नावाची प्रथिने बनून पेशीतच त्यांचा स्फटिक जमतो. कित्येक जिवाणू आपले विष जिवंतपणीच बाहेर सोडतात. येथे मात्र पेशी फुटल्यावरच बीजाणू व स्फटिक मोकळे होतात.

हा स्फटिक स्वतः निष्क्रिय असतो. तो पानाबरोबर अळीच्या पोटात जावा लागतो. पतंगवर्गीय अळीचे पोट विम्लधर्मी असल्याने तेथे तो विरघळतो, पाचकरस प्रथिनाचा काही भाग कापतात आणि खरे विष तयार होते. ते आतड्याच्या पेशींवरील ठराविक जागी चिकटून छिद्रे पाडते. अळी काही तासांत खाणे थांबवते व साधारण २ ते ५ दिवसांत मरते.

म्हणून पुढील काळजी घ्या :

१) अळ्या लहान असतानाच फवारा.
२) फवारणी संध्याकाळी करा, उन्हातील अतिनील किरणांनी औषध निकामी होते.
३) पानांच्या दोन्ही बाजू भिजवा. नुसत्या स्पर्शाने अळी मरत नाही.
४) दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या मोजू नका; पाने नव्याने कुरतडली आहेत का, ते पहा.
५) रेशीम उद्योगाच्या तुती बागेजवळ फवारू नका.

हीच प्रथिने आपल्याकडे २००२ पासून बी.टी. कपाशीत आली, २००६ पासून दोन जनुकांचे वाण आले. कपाशीत विष हंगामभर असते. ते पचवणाऱ्या थोड्या अळ्या वाचतात आणि त्यांचीच वीण वाढते. गुलाबी बोंडअळीत हेच घडले. २०१७ साली महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले. बोंडात दडलेल्या अळीपर्यंत फवाराही पोहोचत नाही. तेव्हा फरदड टाळा, कामगंध सापळे लावा आणि बिगर-बी.टी. कपाशीचा आश्रय राखा.

जिवाणूने दिलेले हे साधन टिकवणे आपल्याच हाती आहे.