आधी शेंडा वाचा, मग पंप उचला

(जिल्हा बैठकीतील भाषण)



पावसाने चार दिवस उघडीप दिली की कृषी केंद्रावर गर्दी होते. कोणाच्या हातात पऱ्हाटीचा आकसलेला शेंडा, कोणाच्या खिशात पिवळे पान. दुकानदार पान उलटूनसुद्धा पाहत नाही. एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि एक टॉनिक अशा तीन बाटल्या पुढे सरकवतो. तिन्हीतले एखादे तरी लागेल, हा त्याचा हिशेब. लागले तर औषधाचा गुण, नाही लागले तर आपले नशीब! पैसे मात्र तिन्हींचे जातात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच.

दुकानदाराला शिव्या देऊन भागणार नाही. त्याचे काम विकण्याचे. पान वाचण्याचे काम आपले. आज आम्ही तेवढ्यावरच बोलणार आहोत.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा : आधी नवे पान बिघडले की जुने? नत्र, पालाश, मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानातून काढून शेंड्याला पुरवते. घरात पीठ संपत आले की माय आपल्या वाटची भाकर लेकराला देते, तसेच. म्हणून या कमतरता आधी खालच्या पानावर दिसतात. बोंडे भरताना खालची पाने लाल होतात, तो लाल्या बहुतेक वेळा याच घरातला. लोह आणि गंधक मात्र झाडात असे सहज फिरत नाहीत. त्यांची उपासमार सरळ नव्या पानावर दिसते. नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर लोह. शिरांसकट सगळे पान फिकट, तर गंधक.

चुनखडीच्या जमिनीत आणि पाणी साचलेल्या काळ्या रानात लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. ज्वारीच्या नव्या पानावर पिवळे-पांढरे पट्टे पडतात, तेही यामुळेच. अशा वेळी आधी चर काढून साचलेले पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या. त्यानेच पुष्कळ पीक हिरवे होते. नाहीच झाले तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस, त्यात लिंबू पिळून, उन्हे उतरल्यावर फवारा. येथे कीटकनाशकाचा थेंबही लागत नाही.

दुसरे काम : पान उलटा. किडीचा संसार पानाच्या पाठीमागे असतो. कडा खाली वळल्या, आधी पिवळ्या आणि मग लालसर झाल्या, आणि पाठीमागे हिरवी पिल्ले तिरपी पळताना दिसली, तर तुडतुडे. पान वर वळून वाटीसारखे झाले आणि खालून चांदीसारखे चकाकले, तर फुलकिडे. कोवळा शेंडा गोळा झाला, हाताला चिकट लागला, मुंग्यांची ये-जा सुरू असली, तर मावा.

पण कीड दिसली म्हणजे लगेच फवारणी, असेही नाही. एकरात वेगवेगळ्या जागची २० झाडे घ्या. प्रत्येकाचे वरचे, मधले आणि खालचे अशी ३ पाने पाहा. झाली ६० पाने. तुडतुडे पानामागे सरासरी २, म्हणजे ६० पानांवर १२० भरले, तर फवारणीचा विचार. मावा किंवा फुलकिडे पानामागे १०, म्हणजे ६०० भरले, तर विचार. त्याच्या आत ढालकिडा आणि क्रायसोपाची अळी आपले काम फुकट करतात. त्यांना आपणच मारले, तर पुढे पांढऱ्या माशीला रान मोकळे.

तिसरे काम : बांधावर उभे राहून सगळे शेत पाहा. खराबी खोलगट जागेत असेल तर पाण्याकडे बघा. खराबी एका बांधाकडून सुरू होऊन आत कमी होत गेली असेल, नवी पाने भेंडीच्या किंवा भांगेच्या पानासारखी लांब बोटांची झाली असतील, शिरा जवळजवळ समांतर दिसत असतील, तर तो रोगही नाही आणि कीडही नाही. ते टू-फोर-डी तणनाशक आहे. ज्वारी, गहू, ऊस यांत रुंद पानाचे तण मारायला ते वापरतात. पण कपाशीही रुंद पानाचीच! वाऱ्यावर आलेला अंश किंवा न धुतलेल्या पंपातला उरलेला घोटही तिला पुरतो. याला उतारा औषध नाही. मार हलका असेल तर पुढची पाने सरळ येतात. तोवर डवरणी करा, ओल टिकवा आणि वाट पाहा. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा. आणि ज्वारी फवारणाऱ्याने वारा कुठे वाहतो आहे ते पाहून, शेजाऱ्याला सांगूनच पंप उचलावा. बांधावरचे भांडण कोर्टात नेण्यापेक्षा हे स्वस्त.

ज्वारीचा पोंगा वाळला तर तो ओढून पाहा. सहज हातात आला आणि बुडाला कुजका वास आला, तर खोडमाशी. पानावर ओळीने भोके असतील, तर खोडकिडा. पोंगा वाळल्यावर फवारणी म्हणजे मेल्यावर सलाईन. खोडमाशीवर खरा उपाय वेळेवर पेरणी, बीजप्रक्रिया आणि विरळणी करताना पोंगेमर झालेली रोपे उपटून टाकणे.

हे सगळे पैशाचेच आहे असे समजू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली. डोक्याएवढी पऱ्हाटी, औषधांची मिश्रणे, तोंडाला साधा फडकाही नाही. मेले त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूरही होते. जी फवारणी गरजेची नव्हती, ती टळली असती तर तेवढे विष कोणाच्या छातीत गेले नसते. पान न वाचता फवारणे म्हणजे गड्याच्या जिवावर जुगार खेळणे.

म्हणून आमचे गावोगावच्या कार्यकर्त्यांना सांगणे असे. जुलैपासून आठवड्यातून एक सकाळ ठरवा. दहा रुपयांची वही आणि एक भिंग घ्या. पाच-सात जण मिळून दोन-तीन शेते फिरा. निंदायला जाणाऱ्या बायांना सोबत घ्या. शेंड्याशी त्यांची ओळख आपल्यापेक्षा जास्त. वहीत लिहा : नवे पान की जुने, पानामागे काय दिसले, खराबी कुठून सुरू झाली, मागच्या पंधरवड्यात काय फवारले, काय घातले. फवारायचेच ठरले तर एकच औषध, पक्की पावती घेऊन, आणि चार ओळी न फवारता सोडा. आठ दिवसांनी त्या चार ओळी आणि बाकीचे शेत शेजारी ठेवून पाहा. औषधाने गुण दिला की पावसाने, ते त्या ओळीच सांगतील.

पुढच्या बैठकीला येताना त्या वह्या घेऊन या. दुकानाच्या पाटीवरचा सल्ला आणि तुमच्या वहीतली नोंद समोरासमोर मांडू, आणि कोणाचे खरे निघते ते सगळे मिळून पाहू.