राष्ट्रपतींची सही आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य

(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राष्ट्रपती आणि वृत्तपत्रे यांचे नाते हा विषय परभणीसारख्या जिल्ह्यात चर्चेला घ्यावा, हे प्रथमदर्शनी काहींना विचित्र वाटेल. राष्ट्रपती भवन दिल्लीला आणि येथे पाणी, पीकविमा आणि रोजगार यांचे प्रश्न दाराशी उभे. परंतु ज्या भूभागाने फर्मानाचा कारभार सोसला आहे, त्याला एका माणसाच्या सहीचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. निजामी राजवटीत सभा भरवायची तर आधी परवानगी घ्यावी लागे. 'गश्ती निशाण त्रेपन्न' हे शब्द मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या कानांत अखेरपर्यंत घुमत राहिले. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली परतूरला भरले. ते परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. पुढच्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे पत्र सुरू केले, तेही संस्थानाबाहेरून. निजाम सरकारने त्यावर बंदी घालावी आणि पत्राने नाव बदलून पुन्हा निघावे, असा तो झगडा होता. सत्ताधीशाची सही आणि छापलेला शब्द यांतील वैर या मातीने पुस्तकांत वाचण्याआधी अंगावर घेतले होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. २६ जानेवारी १९५० पासून फर्मानाच्या जागी संविधान आले. राष्ट्रपती पदग्रहण करताना जी शपथ घेतात तिचा अर्थ येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. मंत्री संविधानावर निष्ठा ठेवण्याची शपथ घेतो. राष्ट्रपती मात्र साठाव्या अनुच्छेदानुसार संविधानाचे जतन, संरक्षण आणि बचाव करण्याची शपथ घेतात. याच संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे आणि वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य त्यातच सामावलेले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५० पासून मानले आहे. तेव्हा राष्ट्रपती आणि वृत्तपत्रे यांचे नाते चहापानाचे किंवा छायाचित्रांचे नसून शपथेतून आलेले आहे. प्रश्न असा आहे की ही शपथ प्रत्यक्ष कसोटीच्या क्षणी कितपत पाळली गेली?

एका रात्रीची सही

पहिली मोठी कसोटी २५ जून १९७५ च्या रात्री आली. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी अंतर्गत आणीबाणीच्या घोषणेवर त्या रात्री सही केली. मंत्रिमंडळाला ही गोष्ट कळली ती दुसऱ्या दिवशी पहाटे. म्हणजे ज्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राष्ट्रपतींनी वागावे असे संविधान सांगते, त्या मंत्रिमंडळाचा सल्ला सहीनंतर आला. त्याच रात्री दिल्लीतील बहादुरशहा जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली. सही आणि अंधार यांत काही तासांचेच अंतर होते.

पुढे ८ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्रपतींच्या सहीने तीन अध्यादेश निघाले. एकाने 'आक्षेपार्ह' मजकूर छापण्यावर बंदी आणली. दुसऱ्याने प्रेस कौन्सिल मोडीत काढली. तिसऱ्याने संसदेतील कामकाजाचा प्रामाणिक वृत्तांत छापणाऱ्यास संरक्षण देणारा कायदा रद्द केला. हा कायदा फिरोज गांधी यांनी १९५६ साली खासगी विधेयक आणून करून घेतला होता. तो रद्द व्हावा त्यांच्या पत्नीच्याच राजवटीत, यातील उपरोध स्पष्ट करण्याची गरज नाही. संसदेत विरोधी सदस्य काय बोलला हे जनतेला कळू नये, हा या अध्यादेशाचा उघड हेतू होता.

दोनच दिवसांनी, १० डिसेंबरला, 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अबू अब्राहम यांचे ते प्रसिद्ध व्यंगचित्र आले. राष्ट्रपती स्नानाच्या टबात बसलेले आहेत, सही करून कागद दाराबाहेर देत आहेत आणि आणखी अध्यादेश असतील तर थोडे थांबायला सांगा असे म्हणत आहेत. सेन्सॉरच्या नजरेतून हे चित्र निसटले. सारा देश हसला, पण त्या हसण्यात लाजही होती, कारण चित्रातील माणूस एकटा नव्हता. न वाचता सही करणारे अधिकारी, न विचारता हात वर करणारे सभासद आणि न बोलता सरकारी पत्रक छापणारे संपादक हे सारे त्या टबात होते.

सारेच मात्र नव्हते. त्याच डिसेंबर महिन्यात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण मंचावर असताना, तुरुंगवासाने प्रकृती ढासळलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. एका अध्यक्षाने सही केली आणि एका अध्यक्षेने तोंड उघडले. दुर्गाबाईंना पुढे अटक झाली. औरंगाबादचे 'मराठवाडा'कार अनंत भालेराव यांनी तुरुंगवास पत्करला. यदुनाथ थत्ते यांच्या 'साधने'ने सरकारी रोष ओढवून घेतला. मिनू मसानी 'फ्रीडम फर्स्ट'साठी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मदन आणि न्या. कानिया यांनी सेन्सॉरचे आदेश रद्द ठरविले. सरकारवरची टीका दडपणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, हे त्या निकालाने अंधारातही सांगितले. ज्या पत्रांचा खप काही हजारांच्या पलीकडे नव्हता ती वाकली नाहीत आणि लाखोंच्या खपाची बरीच पत्रे वाकली, हा धडा विसरण्याजोगा नाही. स्वातंत्र्य यंत्राच्या आकारावर अवलंबून नसते. मालकाचे अन्य व्यवसाय सरकारच्या मर्जीवर किती अवलंबून आहेत, यावर ते अवलंबून असते.

न झालेली सही

दुसरी कसोटी उलट्या प्रकारची होती. १९८६ साली भारतीय टपाल कार्यालय दुरुस्ती विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. नागरिकांची पत्रे अडविण्याचे व उघडण्याचे सरकारचे अधिकार त्याने वाढणार होते. टपालाने अंक पाठविणाऱ्या आणि टपालानेच वार्तापत्रे मिळविणाऱ्या लहान नियतकालिकांना त्याचा अर्थ लगेच कळला. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठविले नाही. संविधानाच्या १११ व्या अनुच्छेदात मुदत घातलेली नाही, याचा आधार घेऊन त्यांनी विधेयक नुसते ठेवून दिले. त्यांच्यानंतर आलेल्या व्यंकटरामन यांनी १९९० मध्ये ते फेरविचारासाठी परत पाठविले आणि अखेर २००२ साली ते मागे घेण्यात आले.

अनेकांनी तेव्हा झैलसिंगांची वाहवा केली. समाजवादी कार्यकर्त्याने वाहवा करण्यापूर्वी थोडे थांबून विचार केला पाहिजे. त्या काळात राष्ट्रपती आणि पंतप्रधान राजीव गांधी यांचे संबंध पूर्ण बिघडलेले होते. मार्च १९८७ मध्ये राष्ट्रपतींनी पंतप्रधानांना लिहिलेले तक्रारीचे पत्र 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये छापून आले आणि राष्ट्रपती भवन व एक बलाढ्य वृत्तपत्रसमूह यांच्या जवळिकीची चर्चा देशभर झाली. विधेयक अडले हे चांगलेच झाले. पण ते तत्त्वामुळे अडले की भांडणामुळे, हे नक्की सांगता येत नसेल तर तो विजय जनतेचा म्हणता येणार नाही. ज्या हक्काचे रक्षण दोन मोठ्या माणसांच्या रुसव्याफुगव्यांवर अवलंबून असते, तो हक्क त्यांचे सख्य झाले की त्याच दिवशी धोक्यात येतो.

टपालाच्या गोष्टीचा शेवट हे कटू सत्य दाखवून देतो. जे अधिकार १९८६ च्या विधेयकाला मिळाले नाहीत, तशाच व्यापक शब्दांत टपाल अडविण्याचे अधिकार २०२३ च्या नव्या टपाल कायद्याच्या नवव्या कलमात आले. लोकसभेने तो १८ डिसेंबरला मंजूर केला. त्या अधिवेशनात विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित झाले होते. २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. जे विधेयक पूर्वी तीन वर्षे राष्ट्रपती भवनात पडून राहिले, त्याच आशयाचा कायदा सहा दिवसांत पार पडला आणि देशात त्याची फारशी वाच्यताही झाली नाही.

रस्त्यावर अडलेली विधेयके

याच्या उलट उदाहरणेही आहेत आणि ती अधिक बोधप्रद आहेत. १९८२ साली बिहारमध्ये जगन्नाथ मिश्र यांच्या सरकारने वृत्तपत्रांवर लगाम घालणारे विधेयक विधानसभेत काही मिनिटांत मंजूर करून घेतले आणि ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेले. देशभरचे पत्रकार संपावर गेले, छापखान्यांतील कामगार व वाचक त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९८३ साली विधेयक मागे घ्यावे लागले. १९८८ साली राजीव गांधी सरकारचे मानहानी विधेयक लोकसभेत मंजूर झाले, पण तीव्र विरोधामुळे ते सप्टेंबरातच सोडून देणे सरकारला भाग पडले. या दुसऱ्या विधेयकावर राष्ट्रपती काय करणार हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण ते राष्ट्रपती भवनाच्या फाटकापर्यंत पोहोचले नाही. १९७५ ची सही, १९८६ ची न झालेली सही आणि १९८२ व १९८८ चे लढे एकत्र ठेवून पाहिले म्हणजे निष्कर्ष आपोआप निघतो. लेखणी धरणारा हात भला की बुरा, यापेक्षा त्या हाताला लोकांचा धाक आहे की नाही, हे महत्त्वाचे.

संस्थात्मक बंधनांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. जनता पक्षाच्या राजवटीत १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीच्या घोषणेसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला आणि संसदीय वृत्तांताच्या प्रसिद्धीला थेट संविधानाचे संरक्षण दिले. मध्यरात्रीची ती सही आता तशीच्या तशी घेता येणार नाही. तुरुंगात गेलेल्यांच्या त्यागातून निघालेली ही मिळकत आहे.

प्रश्न विचारण्याचा हक्क

राष्ट्रपतिपदाचा मान राखणे आणि राष्ट्रपतींना प्रश्न विचारणे यांत विरोध नाही. १९९८ साली स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला के. आर. नारायणन यांनी प्रघातातील भाषणाऐवजी एन. राम यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. शतकानुशतके प्रश्न विचारण्याचा हक्क नाकारल्या गेलेल्या समाजातून वर आलेल्या राष्ट्रपतींनी प्रश्नाला प्रतिष्ठा द्यावी, यात मोठे औचित्य होते.

महाराष्ट्राच्या कन्या प्रतिभाताई पाटील या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, याचा अभिमान सर्वांनाच वाटला. परंतु निवृत्तीनंतरच्या निवासासाठी पुण्यात लष्कराच्या जमिनीवर जागा दिली जात असल्याचे माजी सैनिकांनी उघडकीस आणले, वृत्तपत्रांनी ते लावून धरले आणि एप्रिल २०१२ मध्ये ती जागा घेणार नाही असे त्यांना जाहीर करावे लागले. यात पदाचा अवमान झाला असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की अवमान प्रश्नाने होत नाही. उत्तर दिल्याने पदाची शान राहिली. आपली माणसे म्हणून प्रश्न गिळायचे आणि परकी म्हणून विचारायचे, ही निष्ठा नव्हे, दरबारी वृत्ती होय.

या जिल्ह्याला तर याचा अर्थ रक्ताच्या किमतीने कळला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या धरपकडीत ताब्यात घेतलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनातील जखमांची नोंद वृत्तपत्रांतून लोकांपर्यंत पोहोचली, आई न्यायालयात गेली आणि २०२५ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. ज्या संविधानाच्या रक्षणाची शपथ दिल्लीत घेतली जाते, त्याचे रक्षण परभणीत एका मातेला आणि काही बातमीदारांना करावे लागले.

मग कार्यकर्त्याने काय करावे? दिल्लीच्या दैनिकांकडे बोट दाखवून थांबू नये. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत निघणारी तालुक्याची पत्रे पाहावीत. नेत्यांच्या वाढदिवसांच्या आणि सरकारी जाहिरातींवर जगणारे पत्र जिल्हा परिषदेच्या अध्यक्षालाही प्रश्न विचारू शकत नाही, तेथे राष्ट्राच्या अध्यक्षाची काय कथा! वाचकाच्या वर्गणीवर उभे असलेले पत्रच वाचकाचे असते. म्हणून वर्गणीदार मिळविणे हे निधी गोळा करण्याचे काम नसून लोकशाहीचे काम आहे. संसदेत व विधिमंडळात येणारे प्रत्येक विधेयक शाखेच्या बैठकीत वाचले जावे आणि सही होण्यापूर्वी त्यावर ठराव व्हावेत. बातमीसाठी मार खाणाऱ्या वा खटल्यात अडकणाऱ्या बातमीदाराच्या पाठीशी, तो आपल्या पक्षावर टीका करणारा असला तरी, उभे राहावे. ही शेवटची अट सर्वांत कठीण आहे आणि तीच खरी कसोटी आहे.

निजामाच्या फर्मानाला मराठवाड्याने नावे बदलून निघणाऱ्या एका पत्राने उत्तर दिले होते. त्या पत्रापाशी पैसा नव्हता, यंत्रसामग्री नव्हती. होते ते फक्त ते वाचण्यासाठी धोका पत्करणारे वाचक. असे वाचक जोवर आहेत तोवर कोणतीही सही शेवटची ठरत नाही. ते तयार करणे हेच या जिल्ह्यातील प्रत्येक कार्यकर्त्याचे काम आहे.